घर बदलताना उपासकाने काय न्यावे?

नायगाव, वरळी आणि ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी चाळींतून गेली काही वर्षे बिऱ्हाडे हलत आहेत. कोणी संक्रमण शिबिरात गेले, कोणी भाड्याची रक्कम घेऊन बाहेर खोली पाहिली. वरळीच्या 556 कुटुंबांना तर 14 ऑगस्ट 2025 रोजी चाळीस मजली इमारतीतील नव्या घरांच्या किल्ल्याही मिळाल्या. शिवडीच्या धरून या एकूण 207 चाळी. इंग्रज सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने त्या शंभर वर्षांपूर्वी बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ऐंशी खोल्या, खोली 160 चौरस फुटांची, नळ आणि संडास सामाईक. आता त्या जागी 500 चौरस फुटांचे घर मिळते. ज्या खोलीत तीन पिढ्या जन्मल्या आणि दोन पिढ्यांची प्रेते उचलली गेली, ती खोली रिकामी करायला दोन दिवस पुरतात हे पाहून माणूस थक्क होतो.

मी या विषयावर लिहिणार आहे असे कळल्यावर एका उपासकाने मला विचारले, "सामान बांधायचे काम बायकांचे. त्यात धम्माचा प्रश्न कुठे आला?" ते काम बायकांचेच का, हा प्रश्न मी त्यांना तिथल्या तिथे विचारला, त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही. परंतु त्यांच्या प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे, कारण नव्याने धम्मात आलेल्या पुष्कळ कुटुंबांच्या मनात तोच प्रश्न असणार.

एरवी आपण घरातील वस्तूंबरोबर राहतो, त्यांच्याकडे पाहत नाही. घर हलवताना मात्र प्रत्येक वस्तू हातात घ्यावी लागते. आणि हातात घेतली की ठरवावे लागते, ही न्यायची की टाकायची. माळ्यावरच्या पेट्या खाली येतात, पलंगाखालच्या ट्रंका बाहेर ओढल्या जातात. धम्मदीक्षा घेतली त्या दिवशी आपण तोंडाने बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. त्या ट्रंकेपर्यंत पोहोचल्या की नाही, हे घर हलवण्याच्या दिवशी कळते.

आमच्या चाळीतील एका घरातली गोष्ट सांगतो. कुटुंब मूळचे सातारा जिल्ह्यातील. मुलगा समता सैनिक दलाच्या शिस्तीत वाढलेला, दर रविवारी बुद्धवंदनेला हजर. सामान बांधताना त्याच्या आईच्या ट्रंकेच्या तळाशी पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला एक चांदीचा टाक निघाला. खंडोबाचा. मुलाच्या पायाखालची जमीन सरकली. "आई, आपल्या घरात खंडोबा? आणि इतकी वर्षे?" आजी खाली मान घालून म्हणाली, "मी पुजत नाही रे बाबा. आईनं लग्नात दिला होता. तिनं तेवढंच दिलं होतं. टाकवला नाही."

मुलाचे म्हणणे असे की, हा आत्ताच्या आत्ता समुद्रात गेला पाहिजे. सुनेचे म्हणणे, आजींना दुखवू नका, राहू द्या ट्रंकेत, कोणाला दिसतो आहे! नातवंडांना ती वस्तू काय आहे तेच ठाऊक नव्हते. शेवटी मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, तुम्हीच सांगा."

येथे पुष्कळजण घाईने निकाल देतील. 1956 नंतर गावोगावी आपल्या लोकांनी देव टोपल्यात भरले आणि नदीत सोडले, हे आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. ते करणे आवश्यकच होते. ज्या देवांनी आपल्याला देवळाच्या पायरीवरही उभे केले नाही, ते देव घरात पाळण्यात कसला स्वाभिमान? माझाही पहिला विचार असाच होता. परंतु मग मनात आले की, ज्यांनी देव सोडले त्यांनी आपल्या हाताने सोडले. त्यांच्या हातून कोणी हिसकावून घेतले नव्हते. हिसकावून घेतलेला देव त्या म्हातारीच्या मनात अधिक खोल जाऊन बसेल आणि वर मुलाविषयीचा राग येईल तो वेगळाच.

सुनेचा मार्ग मला त्याहून चुकीचा वाटला. प्रतिज्ञेत आपण म्हणतो ते या देवतांना देव मानणार नाही आणि त्यांची उपासना करणार नाही असे. चांदीचा तुकडा घरात असणे ही उपासना नव्हे. पण तो फडक्यात गुंडाळून तळाशी ठेवलेला होता, हे खरे दुखणे आहे. जी वस्तू नुसती आठवण आहे ती लपवावी लागत नाही. जी लपवली जाते तिच्याभोवती भीती गोळा होते. आज आजी ती पुजत नसेल, पण उद्या आजी गेल्यावर, घरात कोणी आजारी पडले आणि ट्रंकेतून हा टाक निघाला, तर कोणीतरी शेजारीण म्हणणारच, "बघा, कुलदैवत अडगळीत टाकलंत म्हणून झालं." म्हणून मी मुलाला म्हटले, समुद्र आणि ट्रंक हे दोन्ही सोड. टाक आजीच्या हातात दे आणि तिला मुलांसमोर सांगू दे, हे काय आहे, कोणी दिले, आणि आपण ते का मानत नाही.

आजी संध्याकाळभर बोलत होती. तिच्या आईची गोष्ट, गावकीची कामे, आंधळ्या आजोबांना जेजुरीला नेले ती गोष्ट, आणि दीक्षेनंतर गावात देव बुडवले त्या दिवशी आईने हा एकच टाक कमरेला कसा खोचून ठेवला ती गोष्ट. मुलांनी ती आधी कधी ऐकली नव्हती. दुसऱ्या दिवशी आजीने टाक स्वतः एका डब्यात ठेवला. त्या डब्यात तिच्या सासऱ्याचा गिरणीचा बिल्ला होता, रेशनकार्ड होते आणि नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला होता. डबा सर्वांना माहीत असलेल्या जागी ठेवला. मुलाला हे अजून पटलेले नाही. त्याचे म्हणणे, मोडीत घालायला हवा होता. खरे सांगायचे तर मलाही शंभर टक्के पटलेले नाही. पण लपवणे संपले, एवढे झाले.

त्या बिल्ल्याविषयी थोडे विषयांतर करतो. आजीचा सासरा कताई खात्यात होता. विणकाम खात्यात पगार जास्त असे, पण तेथे अस्पृश्यांना घेत नसत. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने सवर्ण कामगार विटाळत. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी पूज्य बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला होता. तो पितळेचा बिल्ला टाकापेक्षा शंभर पटींनी मोलाचा आहे. परंतु सामान बांधताना सुनेने तो भंगारात काढला होता, हेही सांगितले पाहिजे.

आपण काय टाकतो याचीच मला अधिक काळजी वाटते. घर हलवताना पहिला घाव कागदांवर पडतो. भांडी जातात, गाद्या जातात, दिवाण जातो. रद्दीवाला मात्र दारातच उभा असतो. 1930 साली सुरू झालेले आणि 1956 साली 'प्रबुद्ध भारत' झालेले 'जनता' पत्र, जुन्या जयंत्यांच्या पत्रिका, गावकीच्या सभेचे हिशोब, दीक्षेची प्रमाणपत्रे, म्हातारीने पाठ केलेल्या भीमगीतांची वही, हे सारे किलोच्या भावाने जाते. पूज्य बाबासाहेबांना पुस्तक गमावण्याचे दुःख काय असते ते चांगले माहीत होते. 1917 साली लंडनहून परतताना त्यांनी आपली पुस्तके दुसऱ्या बोटीने पाठविली आणि ती बोट जर्मन पाणबुडीने बुडविली. त्यानंतर त्यांनी आयुष्यभर पुस्तके जमवली. ते परळला पोयबावडीच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत सुमारे बावीस वर्षे राहिले. आणि तेथून 1934 च्या सुमारास दादरच्या हिंदू कॉलनीत बांधलेल्या राजगृहात गेले, ते मुख्यतः ग्रंथांना जागा हवी म्हणून. आपल्या समाजात एवढ्या मोठ्या माणसाने घर बदलले ते पलंगासाठी नव्हे, पुस्तकांसाठी, ही गोष्ट मुलांना सांगावी. पुढे 25 जून 2016 च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले आणि बुद्धभूषण छापखान्याची वास्तूही गेली, तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो. ते योग्यच होते. पण आपल्या माळ्यावरचे छोटे भवन आपण स्वतःच रद्दीवाल्याला देतो, त्यासाठी मोर्चा कोणावर काढायचा?

म्हणून माझी सूचना अशी की, सामान बांधायला घेण्यापूर्वी आठ दिवस आधी घरातील सर्वांत वयस्क माणसाला खुर्चीवर बसवावे, कागदांचा ढीग त्याच्यासमोर ठेवावा, आणि तो जे सांगेल ते एका मुलाने लिहून घ्यावे. कागदांची पेटी वेगळी करावी, तिच्यावर ठळक अक्षरांत नाव घालावे आणि ती टेम्पोत न टाकता हातातून न्यावी. टेम्पोत वरून पावसाचे पाणी पडते. हे मी अनुभवाने सांगतो.

मुहूर्ताविषयी फार लिहिण्याची गरज नसावी, पण लिहावे लागते. किल्ली मिळाल्यावरही अमावास्या जाऊ द्या, पितृपंधरवडा संपू द्या, असे म्हणून थांबलेली बौद्ध घरे मी पाहिली आहेत. पितृपंधरवड्यात टेम्पोवाल्याकडे गर्दी नसते, हे त्यांना सांगून पाहावे. कधीकधी तेवढ्यानेच काम होते. जातककथांत नक्षत्राची एक गोष्ट आहे. शहरातील एका घराने खेड्यातील मुलगी पाहिली आणि लग्नाचा दिवस ठरवला. मग एका आजीवक तपस्व्याला विचारले, आजचा दिवस शुभ आहे का? आपल्याला आधी विचारले नाही याचा त्याला राग होता, म्हणून त्याने सांगितले, आज नक्षत्र चांगले नाही. वऱ्हाड निघालेच नाही. खेड्यातील लोकांनी वाट पाहिली आणि मुलगी दुसऱ्या मुलाला दिली. मला या कथेतील तो रागावलेला तपस्वी फार ओळखीचा वाटतो.

कोणी विचारील, मग पूज्य बाबासाहेबांनी दीक्षेसाठी अशोक विजयादशमीचाच दिवस का निवडला? तो मुहूर्त नव्हता काय? नाही. 14 ऑक्टोबर 1956 हा दिवस एका इतिहासाची आठवण करून देण्यासाठी निवडला होता. मुहूर्त माणूस भीतीने पाळतो. दुसऱ्या दिवशी केले तर वाईट होईल, असे त्याला वाटते. स्मरणदिनात तसली भीती नसते. पौर्णिमेला नव्या घरात जावेसे वाटले तर अवश्य जावे. पण पौर्णिमा हुकली म्हणून कोणाला रात्री झोप येत नसेल, तर ती पौर्णिमा नसून पंचांगच आहे असे समजावे.

दिशांचेही तसेच. नवे घर मिळाले की वास्तुशास्त्र सांगणारा कोणीतरी पाहुणा घरात शिरतोच. दरवाजा दक्षिणेला, संडास ईशान्येला, आता काय करायचे? चाळीस मजल्यांच्या इमारतीत दरवाजा कोठे असावा हे तुमच्या हातात नाही. आणि बीडीडी चाळीत एकाच ओळीत बसलेल्या बारा संडासांची दिशा तीन पिढ्यांत कोणी विचारली नाही. तथागतांनी हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी राजगृह नगरीतच सोडविला आहे. पूज्य बाबासाहेबांनी आपल्या घराला जिचे नाव दिले, तीच ही मगधाची नगरी. सिगाल नावाचा तरुण गृहस्थ सकाळी ओल्या कपड्यांनी सहा दिशांना नमस्कार करीत होता. तथागतांनी त्याला सांगितले की, पूर्व दिशा म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे शिक्षक, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे आपले काम करणारी माणसे आणि वरची म्हणजे श्रमण. त्यांच्याशी नीट वागणे म्हणजेच दिशांची पूजा.

यातील खालच्या दिशेकडे घर हलवण्याच्या दिवशी आपले सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. हमाल चार मजले कपाट उतरवतो आणि आपण शंभर रुपयांसाठी त्याच्याशी घासाघीस करतो. सिगाल सुत्तात सांगितले आहे की, काम करणाऱ्याला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात त्याची काळजी घ्यावी, चांगलेचुंगले असेल ते वाटून खावे, वेळेवर सुट्टी द्यावी. महाराष्ट्रात माथाडी आणि हमालांसाठी कायदा व्हायला 1969 साल उजाडले, आणि तोही त्यांनी झगडून मिळविला. आपल्यापैकी किती जणांचे आजे-पणजे गोदीत आणि रेल्वेच्या यार्डात ओझी वाहत होते! हमालाला आधी ठरलेली रक्कम द्यावी, बरोबर पाणी द्यावे, दुपार झाली तर जेवण द्यावे. बाटली मात्र देऊ नये. "खुशीचे" म्हणून हमालांना दारूचे पैसे देण्याची रीत आपल्या घरातही शिरली आहे. जी वस्तू घेणार नाही अशी आपण शपथ घेतली, ती दुसऱ्याला बक्षीस म्हणून देणे शोभत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो. ती मला एका धम्मबांधवाने सांगितली, आणि सांगताना त्याची मान खाली होती.

चाळ पाडणार म्हणून त्याला भाड्याची खोली शोधायची होती. एजंटाने तीन खोल्या दाखवल्या. दोन ठिकाणी आडनाव ऐकल्यावर "खोली दिली गेली आहे" असे उत्तर आले. तिसऱ्या ठिकाणी एजंटानेच आधी सांगितले, "काका, सामान आणाल तेव्हा भिंतीवरचे फोटो आठ दिवस आत ठेवा. मालक बघून जाऊ दे, मग लावा." त्याने तसे केले. पूज्य बाबासाहेबांचा आणि तथागतांचा फोटो चादरीत गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात ठेवला. मालकीणबाई आल्या, चहा घेतला आणि सहज विचारल्यासारखे विचारले, "तुम्ही कुठले?" तो म्हणाला, "आम्ही सातारचे." त्यात खोटे काही नव्हते. पण सहावीत शिकणारी त्याची मुलगी समोर उभी होती आणि ती बापाकडे पाहत होती. आठ दिवस गेले, महिना गेला, फोटो खणातच राहिले. मग 6 डिसेंबर आला. कुटुंब चैत्यभूमीला निघाले तेव्हा जिन्यात मालकीणबाईंनी विचारले, "कुठे निघालात सगळे?" आणि बाप काही बोलण्याआधीच मुलगी म्हणाली, "मावशीकडे."

तो मला म्हणाला, "काका, मी तिला असे बोल म्हणून कधी सांगितले नव्हते."

अस्पृश्यता घटनेच्या 17 व्या कलमाने नष्ट झाली. परंतु खोली शोधणाऱ्या माणसापुढे ती आडनावाचा प्रश्न होऊन, "नॉनव्हेज चालत नाही" होऊन, आणि "तुम्ही कुठले?" होऊन उभी राहते. अशा वेळी उपासकाने काय करावे? मुसावादा वेरमणी हे शील आपण रोज म्हणतो. मग त्या माणसाने शीलभंग केला काय?

असा निकाल देण्यापूर्वी पूज्य बाबासाहेबांचाच अनुभव आठवावा. सप्टेंबर 1917 मध्ये ते बडोदा संस्थानच्या नोकरीवर हजर झाले. परदेशी विद्यापीठात शिकून आलेल्या या विद्वानाला त्या शहरात राहायला खोली मिळेना. अखेर ते पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी सकाळी दहा-बारा पारशी काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा त्यांनी हुकूम दिला. दोन मित्रांची दारे ठोठावून पाहिली. एकाच्या घरचे नोकर निघून जातील अशी अडचण निघाली, दुसऱ्याने घरात विचारावे लागेल असे सांगितले. दुपारी चारपासून रात्री नऊच्या मुंबईच्या गाडीपर्यंत ते कामाठी बागेत बसून होते. त्यांनी आपल्या हाताने हे सर्व लिहून ठेवले आहे, आणि ते 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने 1990 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. नव्या बौद्ध कुटुंबांनी ते घरात मोठ्याने वाचावे.

या प्रसंगावरून मी दोन गोष्टी शिकलो. पहिली अशी की, निवारा नाकारला जात असताना कोणी आपले नाव झाकले, तर त्याचा दोष आधी दार बंद करणाऱ्याच्या पदरात पडतो. लहान मुले आणि म्हातारी आई घेऊन रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला शीलाचे प्रवचन देणे ही क्रूरता होईल. मी त्या धम्मबांधवाला पापी म्हणणार नाही. धम्मात पापाची तशी भाषाही नाही. पंचशील ही शिक्षापदे आहेत, पडल्यावर पुन्हा उठण्यासाठी दिलेली.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. पूज्य बाबासाहेबांनी नाव झाकले ते अकरा दिवस, आणि तो प्रसंग त्यांनी पुढे लपवला नाही. त्यांनी तो लिहिला, स्वतःला नायक न करता लिहिला, आणि दुसऱ्यांना वाचायला ठेवला. झाकणे ही त्यांची सवय झाली नाही. आपली मात्र होते. आठ दिवसांचे महिने होतात, आणि मग ती सवय आपली राहत नाही, मुलांची होते. त्या मुलीने जिन्यात जे उत्तर दिले ते तिला कोणी शिकवले नव्हते. खणातील चादरीने शिकवले होते. आजीच्या ट्रंकेतील खंडोबा आणि या कपाटातील बाबासाहेब यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण दोघांनाही फडक्यात गुंडाळण्याचे कारण एकच होते. कोणीतरी पाहील, ही भीती. एका घरात मुलगा पाहील म्हणून, दुसऱ्या घरात मालकीण पाहील म्हणून.

त्या धम्मबांधवाने मला सल्ला विचारला नाही. विचारला असता तर मी काय सांगितले असते, याची मला खात्री नाही, कारण त्याच्या पोरांची शाळा त्या खोलीपासून जवळ होती आणि माझी पोरे मोठी झाली आहेत. त्याने स्वतःच ठरवले. चैत्यभूमीहून परत आल्यावर त्याच रात्री त्याने दोन्ही फोटो काढले, मुलीच्या हाताने पुसून घेतले आणि दारातून आत येणाऱ्याला समोर दिसतील असे लावले. मुलीला सांगितले, "बाळ, बाबांनी घाबरून लपवले होते. तुझी चूक नाही." मालकीणबाईंनी पुढच्या खेपेला फोटो पाहिले आणि काही बोलल्या नाहीत. अकरा महिन्यांचा करार संपला तेव्हा तो वाढवला गेला नाही. कारण सांगितले गेले नाही.

त्याने दुसरी खोली पाहिली. थोडी लांब, थोडी महाग. तेथे मात्र एजंटाशी बोलतानाच त्याने आडनाव, धर्म आणि जेवण हे सर्व सांगून टाकले, आणि सामान चढवताना पहिली वस्तू फोटोच नेली. मुलीला आता शाळेची बस बदलावी लागते. त्याची किंमत ते दर महिन्याला मोजतात, आणि ती किंमत कोणी दुसरा त्यांना भरून देणार नाही. ज्यांना वेळेवर हक्काची घरे मिळाली, त्यांनी हे लक्षात ठेवून अशा कुटुंबांची चौकशी तरी करावी. चाळीत असताना आपण एकमेकांच्या घरी विचारल्याशिवाय जात होतो.

गृहप्रवेशाबद्दल एवढेच. सत्यनारायण, कलश, उतू जाणारे दूध हे आपण सोडले. त्या जागी भन्तेजींना किंवा भारतीय बौद्ध महासभेच्या बौद्धाचार्यांना बोलावून त्रिसरण-पंचशील, मंगल सुत्त, रतन सुत्त, करणीय मेत्त सुत्त घ्यावे, हे सर्वांना माहीत आहे. पण परित्राण पाठाचा धागा मनगटावर बांधून "आता घरात काही वाईट शिरणार नाही" असे जर आपण म्हणू लागलो, तर आपण नाव तेवढे बदलले. मंगल सुत्तात आईवडिलांची सेवा, योग्य स्थळी राहणे, नातेवाइकांना आधार देणे यांनाच मंगल म्हटले आहे. ते पालीत ऐकावे आणि लगेच मराठीत समजून घ्यावे. पाहुण्यांची यादी करताना जुन्या मजल्यावरची नावे आधी लिहावीत, ऑफिसातील साहेबांची नंतर. आणि जेवणाबरोबर काय ठेवायचे याविषयी तरुण मंडळी आग्रह करतात, तेव्हा यजमानाने ठाम राहावे.

वरळीला ज्या आजींचा टाक निघाला त्यांच्या मुलीचे घर अठ्ठाविसाव्या मजल्यावर आहे. परवा आजी तेथे राहायला गेल्या होत्या. तेथून समुद्र दिसतो म्हणून सगळे खूष. आजी म्हणाल्या, संध्याकाळी सातला वंदनेचा आवाज येत नाही. चाळीत पटांगणातून तो सगळ्या खोल्यांत यायचा, कोणाला बोलवावे लागत नसे. मग त्यांनी स्वतःच लिफ्टजवळच्या मोकळ्या जागेत चटई टाकली, दार उघडे ठेवले आणि बसल्या. पहिल्या दिवशी त्या आणि नात. दुसऱ्या दिवशी समोरच्या दारातून एक बाई डोकावली आणि विचारू लागली, "मावशी, आम्ही पण बसलो तर चालेल का?" आजींनी चटई सरकवली.